सहा नंबरची मूठ

मागच्या दिवाळीत चिवड्यासाठी खोबरं कापताना प्रतिमाच्या हातून सुरी सुटली आणि पायापासून दोन बोटांवर फरशीवर टण्णकन आपटली. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कलायला लागली होती. मूठ मिटत नव्हती, आणि मिटलीच तर उघडताना डोळ्यांत पाणी यायचं. विळी, तिच्या माहेरी जिला पावशी म्हणत, ती तर गुडघ्यांमुळे आधीच पलंगाखाली गेली होती. आता सुरीही गेली. रांझीतल्या त्या छोट्या घरात दोन वेळचा डबा यायला लागला.

सगळे हळहळले. पुण्याहून लेक प्रणोती रोज फोन करायची, "आई, तुला कसं गं करमतं?" प्रतिमा म्हणायची, "चाललंय." खरी गोष्ट तिला कुणालाच सांगता येत नव्हती, ती म्हणजे डबा यायला लागल्यापासून तिला फार बरं वाटत होतं.

चौतीस वर्षं ती साडेचारला उठली होती. नवऱ्याची फॅक्टरीची पाळी सहाची, त्याआधी डबा तयार पाहिजे. मग सासू, मग प्रणोतीची शाळा, मग पाहुणे. आता सकाळ नुसती सकाळ होती. सोमवारी आणि गुरुवारी ती ऑटो बदलत ग्वारीघाटला जायची आणि नदीच्या पायऱ्यांवर बसायची. नवस नव्हता, पोथी नव्हती. नावाडी सवारीवरून भांडायचे, फुलवाल्या बाया द्रोण लावायच्या, ते बघत अकरापर्यंत बसायचं आणि परत यायचं. कशासाठी जातेस, असं कुणी विचारलं असतं तर सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. कारण असतं तर सोपं झालं असतं.

नवरा, नीलकंठ, छत्तीस वर्षं संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत टूल रूममध्ये होता. केसाच्या जाडीचा फरक बोटानं सांगणारा माणूस. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षं तो फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. नळ गळत नसला तरी आवळायचा. घड्याळ बरोबर असलं तरी लावायचं. डब्यातलं तेल त्याला सोसत नव्हतं. तो तक्रार करत नसे. मुकाट्यानं जेवायचा आणि वरून आम्लपित्ताची गोळी घ्यायचा, एवढंच.

जानेवारीत एका दुपारी तो लाकूड कापायच्या आरामशीनवरून करवतीच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा घेऊन आला. वीतभर रुंद, काळपट पोलाद. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि टिचकी मारून वाजवला.

"आवाज ऐक. असलं पोलाद आता मिळत नाही," तो म्हणाला. "तुझ्या हाताची सुरी करतो. तुला परत उभं करतो, बघ."

ती उभीच होती. पण त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी जे काही आलं होतं ते बघून तिच्या तोंडून निघालं, "करा ना."

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं लोखंड पकडायचा वाईस बसवला, कानशी तेल लावून ओळीनं मांडल्या. पहिल्यांदा तिच्या मुठीचा साचा पाहिजे होता. त्यासाठी त्यानं जन्मात पहिल्यांदा कणीक मळली. ती इतकी सैल झाली की प्रतिमाच्या बोटांतून ओघळायला लागली.

"पीठ घाला अजून," ती म्हणाली. "आणि पाणी हातानं शिंपडा, ओतू नका."

दुसऱ्या गोळ्यावर तिची मूठ उमटली. नीलकंठानं तो गोळा उन्हात वाळवला, व्हर्निअरनं मोजला आणि एका जुन्या वहीत आकडे लिहिले. पात्याचे आकार तो जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापायचा आणि तिच्यासमोर मांडायचा.

"टोकदार पाहिजे की बोथट?"

"टोक काहून पाहिजे? मला कुणाला भोसकायचं आहे का?" ती म्हणाली. "टोकाशी गोल द्या, म्हणजे पातं डुलवून कोथिंबीर बारीक होते. मुठीजवळ मात्र सरळ. भोपळ्याला तिथलाच जोर लागतो."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पत्रिकेवर तसा आकार काढला आणि म्हणाला, "हे आमच्या लक्षात आलं नसतं."

पातं आणि मुठीतली पट्टी एकाच पोलादाची ठेवायची हे त्याचं पहिल्यापासून ठरलं होतं. जोड आला की हलणार, हललं की हाताला झटका बसणार. प्रश्न मुठीचा होता. त्यानं सेमलच्या हलक्या लाकडाच्या नमुना-मुठी करायला घेतल्या. तेवढ्यापुरतं बाजारातल्या सुरीचं पातं त्यांना स्क्रूनं लावायचं आणि प्रतिमानं लौकी, म्हणजे दुधी, कापून बघायची. मग तो पेन्सिल घेऊन विचारायचा: अंगठा? करंगळी? तळवा? मनगट? प्रत्येकाला दहापैकी किती दुखतं ते ती सांगायची आणि तो वहीत लिहायचा. एक नंबरची मूठ सरळ आणि जाड होती, तळव्याला टोचली. दोन नंबर फुगीर होती, ती घसरली. तीनला अंगठा दुखला, चारलाही अंगठाच.

पाच नंबरच्या वेळी प्रतिमाच म्हणाली, "अहो, सुतार करवत कशी धरतो? मूठ उभी असते ना त्याची. मनगट वाकतच नाही."

नीलकंठानं कपाळावर हात मारला. पाच नंबर थोडी जास्तच उभी झाली. मग आली सहा नंबर. पात्याच्या मागच्या टोकातून वर उठलेली, जरा पुढे झुकलेली, पुढे तीस मिलिमीटर जाड आणि मागे चौतीस. बोटं मिटायची गरजच नव्हती, ती नुसती टेकवली की झालं.

प्रतिमानं सुरी लौकीवर ठेवली आणि हात मागंपुढं केला. पातं आपसूक उतरलं. दुसरी चकती, तिसरी. तिनं कापलं आणि कापतच राहिली. दुखेल, आता दुखेल, म्हणून ती वाट बघत होती. लौकी संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं की दुखलंच नाही.

आणि तिनं सुरी हळूच खाली ठेवली.

समोर नीलकंठ पेन्सिल घेऊन उभा होता. त्याच्या मागे खाली उतरणारा जिना होता, जिन्याखाली स्वयंपाकघर, ओटा, कुकर. साडेचारचा गजर. उन्हाळ्यात प्रणोती, जावई, पुरण, कुरडया. आई आता बरी आहे. सोमवार आणि गुरुवार कुठे ठेवायचे?

"कसं?" तो म्हणाला.

"मनगट," ती म्हणाली. "सात."

त्याचा चेहरा उतरला. पण वहीत त्यानं लिहिलं: मनगट, सात.

एक खोटं बोलून सुटता येईल असं तिला वाटलं होतं. तो कंटाळेल, पट्टा अडगळीत टाकेल. पण नीलकंठ कंटाळणारा माणूस नव्हता. तो तिच्या आकड्यावर विश्वास ठेवून मूठ बदलायचा. मनगट दुखतं म्हणजे कोन चुकला. त्यानं सातवी मूठ आडवी केली. आठवीला ती म्हणाली करंगळी, म्हणून नववी बारीक झाली. दर तीन आठवड्यांनी नवी मूठ आणि दर वेळी नवं खोटं. कधी कधी तर खरंच दुखायचं, कारण खोट्या आकड्यांवर केलेल्या मुठी आता वाईटच होत होत्या. आणि तेव्हा तिला हायसं वाटायचं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. शेजारचा अनुपम, बँकेतला, एकदा गच्चीवर येऊन गेला आणि त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. ओळीनं ठेवलेल्या मुठी, कणकेचा वाळका गोळा, वही, नीलकंठचे तेलकट हात. "पत्नी के लिए!" असं त्यावर लिहून त्यानं तो सगळीकडे पाठवला. दोन दिवसांत फोन सुरू झाले. नागपूरची नणंद रडली. कॉलनीतल्या बाया प्रतिमाचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई! आमच्या ह्यांना साधी सुरीला धार लावता येत नाही."

ती हसायची. हसताना जबडा दुखायचा.

खरं सांगावं, असं तिला रोज वाटायचं. पण काय सांगायचं? मला कापता येतं, मला कापायचं नाही? मग काय करायचंय? काही नाही, बसायचंय. हे वाक्य ती मनात म्हणून बघायची आणि तिलाच ते लाजिरवाणं वाटायचं. सुरी झाली तर ती ओट्याशी जाणार. नाही झाली तर हा माणूस परत त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाणार, आणि या वेळी हरून. सांगितलं तर तो मोडणार, आणि वर जग तिलाच नावं ठेवणार. तिन्हीकडून दार लागलेलं होतं आणि शेवटची कडी तिनंच आतून घातली होती. घाटावर गेली तरी आता तिचं लक्ष पाण्याकडे नसायचं. पुढच्या मुठीला कुठे दुखतं म्हणायचं, याचा विचार ती पायऱ्यांवर बसून करायची.

एप्रिलमध्ये पत्रा तापायला लागला. नीलकंठ ओला पंचा डोक्यावर टाकून काम करायचा. दहावी मूठ घासताना कानस सटकली आणि त्याच्या डाव्या तळव्यात खोल गेली. तीन टाके पडले. प्रतिमानं हळद-दूध पुढे केलं तेव्हा तो म्हणाला, "आता जवळ आलो आहे मी. मनगटाचंच काही तरी चुकून राहिलंय. अकरा नंबरला नक्की."

"राहू द्या आता," ती म्हणाली. "डबा आहे ना."

"डब्याचं काय घेऊन बसलीस! तुझा हात आहे तो."

त्या रात्री तिला झोप लागली नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, एक बाई फाटकात उभी राहिली. पंचेचाळिशीची, पदर डोक्यावर, उन्हानं तोंड लाल झालेलं. नाव अंजनी. मझौलीहून पहाटेच्या बसनं निघाली होती, सिहोऱ्याला गाडी बदलून पत्ता विचारत विचारत आली होती. गावातल्या शाळेत ती पोरांचं जेवण रांधायची, सव्वाशे ताटं. कुणी तरी तिला तो व्हिडिओ दाखवला होता.

तिनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. प्रतिमानं तो बघितला आणि आपला हात नकळत मागे घेतला. तीच कललेली बोटं, तेच सुजलेले सांधे. फक्त तळवा रुंद होता.

"दीदी, दो महीने से बिटिया को साथ ले जाती हूँ, वो काट देती है," अंजनी म्हणाली. "जेठ में उसकी बिदाई है. फिर मुझे तो निकाल ही देंगे. बाबूजी मेरे लिए भी एक बना दें."

नीलकंठ धावतच गच्चीवर गेला आणि अकरा नंबर घेऊन आला. ती कालच पूर्ण झाली होती. टेबलावर पाट ठेवला, त्यावर कद्दूची, लाल भोपळ्याची फाक ठेवली.

अंजनीनं मूठ धरली. ती आडवी होती, बारीक होती, तीन महिन्यांच्या खोट्या दुखण्यांना जपत घडवलेली. पहिल्याच दाबाला तिचं मनगट वाकलं. तिनं ओठ चावून पातं अर्ध्यापर्यंत नेलं, आणि सुरी हातातून निसटून पाटावर पडली.

"लग गई?" नीलकंठ म्हणाला.

"नहीं नहीं बाबूजी. चाकू अच्छा है. मेरा ही हाथ बिगड़ गया है." ती हसायचा प्रयत्न करत होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवी उचलली. "चलो, बारह वाली बस मिल जाएगी."

नीलकंठ अकरा नंबर हातात धरून उभा होता. आपल्याच हातावरचा विश्वास उडालेल्या माणसासारखा तो तिच्याकडे, मग मुठीकडे बघत होता.

"सहा नंबर आणा," प्रतिमा म्हणाली.

"काय?"

"सहा नंबरची मूठ. आणा वरून."

"ती तर तुला मनगटाला..."

"आणा तुम्ही."

सहा नंबर आली. पातं लावायला पाच मिनिटं गेली. प्रतिमानं अंजनीचा हात धरून मुठीवर टेकवला. "उँगलियाँ मत दबाओ. बस रख दो. आरी जैसे चलाओ."

पातं कद्दूत उतरलं. अंजनी थांबली, तिनं वर बघितलं आणि परत कापायला लागली. फाक संपली तशी तिनं न विचारता दुसरी ओढली. ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं, पण हात थांबत नव्हता.

नीलकंठानं तिच्या तळव्याची मापं घेतली. रुंदीला चार मिलिमीटर वाढवावे लागतील, तीन आठवडे लागतील, असं त्यानं सांगितलं. प्रतिमानं तिला डब्यातल्या पोळ्या वाढल्या, मग अंजनी बस पकडायला गेली. मग नीलकंठ वही घेऊन आला आणि टेबलाशी प्रतिमासमोर बसला. त्याच्या हातात लाल पेन्सिल होती.

"एक नंबर," तो म्हणाला. "तळवा, आठ."

"खरं."

"दोन नंबर. अंगठा, पाच."

"खरं."

तीन, चार, पाच. सगळं खरं. त्यानं प्रत्येक ओळीपुढे खूण केली. मग पान उलटलं.

"सहा. मनगट, सात."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"खोटं."

पेन्सिल कागदावर टेकली आणि फुली झाली.

"सात नंबर?"

"खोटं."

"आठ?"

"खोटं. नऊला खरंच दुखलं. दहा खोटं. अकरा... अकरालाही दुखलं."

त्यानं वही मिटली नाही. फुल्यांकडे बघत तो हळूच म्हणाला, "फॅक्टरीत कुणी खोटं रीडिंग दिलं ना, तर आम्ही त्याच्याशी बोलत नव्हतो. चोरी केली तरी बोलायचो. पण खोटं रीडिंग..." मग तो म्हणाला, "काहून, प्रतिमा?"

"मला कापता येतं," ती म्हणाली. "मला कापायचं नाही."

"म्हणजे?"

"चौतीस वर्षं केलं. हात गेले तेव्हा सगळे रडले, मी नाही रडले. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तुम्ही वर बसून माझी परत जायची वाट करून राहिले होते. इतक्या प्रेमानं, की नाही म्हणायला मला जागाच नव्हती."

"तुला म्हणता आलं असतं."

"नाही आलं. तुम्ही त्या खुर्चीवरून उठला होता. मी कशी तुम्हाला परत बसवू?"

नीलकंठ उठला आणि गच्चीवर गेला. त्या दिवशी तो जेवायला उतरला नाही, आणि पुढचे आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. घरात चमच्याचाही आवाज मोठा वाटायचा. प्रणोतीनं फोनवर विचारलं, "बाबांची सुरी झाली का?" प्रतिमा म्हणाली, "होत आहे. माझी नाही, दुसऱ्या बाईची." लेकीला काही कळलं नाही आणि तिनंही समजावलं नाही.

नवव्या दिवशी जिन्यावरून त्याची हाक आली. "जरा वर ये. पातं कापायचंय."

अंजनी मझौलीला होती. हात जवळ होता तो प्रतिमाचाच. ती वर गेली. त्यानं पोलादाच्या पट्ट्यावर सहा नंबरचा आकार खडूनं काढला होता, मूठ आणि पातं एकाच तुकड्यात, मूठ मागून वर उठणारी.

"सव्वाशे पोरांचा स्वयंपाक आहे," ती म्हणाली. "पातं आणखी बोटभर लांब करा. आणि मुठीपुढे पोलाद थोडं खाली येऊ द्या, ओल्या हातानं बोट पुढे सरकलं तर अडेल."

त्यानं खडूची रेघ पुसून नवी काढली. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "खरं ना?"

"खरं."

पुढचे बारा दिवस ती रोज तासभर वर गेली. त्यानं पट्टा कापला, घासला, भट्टीत लाल करून तेलात बुडवला. पातं तेलात गेलं तेव्हा धूर उठला आणि दोघंही खोकत बाहेर पळाले. शिसमच्या दोन फळ्या तीन रिव्हेटांनी पक्क्या बसवल्या. प्रतिमा मूठ धरायची आणि दुखलं की दुखलं म्हणायची, नाही दुखलं की नाही. तो लिहायचा. वाद व्हायचे, पण लाकडावरून व्हायचे.

ठरल्या दिवशी अंजनी आली. सुरी तिनं कपड्यात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवली आणि वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा नीलकंठानं तिला थांबवलं. "इनको करो. आधा नक्शा इनका है," तो म्हणाला. अंजनी प्रतिमाच्या पायांपाशी वाकली.

ती गेल्यावर नीलकंठ ओट्याला टेकून उभा राहिला. पट्ट्याचा अर्धा तुकडा अजून शिल्लक होता.

"तुझ्यासाठी करू का एक?" त्यानं विचारलं. जानेवारीपासून हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नको," प्रतिमा म्हणाली.

"डबा मला सोसत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मग तुम्ही शिका. मी खुर्चीवर बसून सांगीन. पण रोज नाही, आणि साडेचारला तर नाहीच."

"माझ्याच्यानं व्हायचं नाही ते."

"मग डबा आहे."

तो चिडला. फाटकापर्यंत गेला, खुर्चीवर बसला, पाच मिनिटांनी उठून आत आला. कुकर कोणत्या कपाटात असतो ते त्याला माहीत नव्हतं. तिनं खुर्चीवरूनच बोट दाखवलं. डाळ किती, पाणी किती, हे त्यानं दोनदा विचारलं आणि तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती उठायला लागली होती. हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला, कंबर उचलली गेली. मग ती परत बसली.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली.

दीडच्या सुमारास वरण-भात झाला. वरणात मीठ नव्हतं आणि भात खाली लागला होता. त्यानं मिठाची बरणी उघडली, आधी तिच्या ताटात वाढलं, मग आपल्या.